असोदा ते यवतेश्वर : सात वर्षांची एक धाव

वाचकहो, जळगाव शहर मागे टाकून भादलीच्या रस्त्याला लागले, की पाच-सहा किलोमीटरवर असोदा हे आमचे गाव येते. आपण कधी या बाजूला आलात, तर पहाटे या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे मळे, मधूनमधून कपाशी आणि हिवाळ्याच्या दिवसांत वांग्याची शेते दिसतील. भरताच्या वांग्यासाठी आमचा हा पट्टा खान्देशात प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मळ्याला रात्री पाणी दिलेले असले, की पहाटे त्याच्या कडेने जाताना अंगाला गार, ओलसर हवा लागते. मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत चोवीस तासांतली सुखाची वेळ तेवढीच.

हे सगळे आहे, पण आमच्या गावात चढ नाही. तापीच्या खोऱ्यातली ही काळी, सपाट जमीन. पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. डोंगर म्हणून आम्हाला ठाऊक असतो तो एवढाच. अशा गावातल्या सदुसष्ट वर्षांच्या सेवानिवृत्त शिक्षकाने साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात एकवीस किलोमीटर धावायला का जावे, हा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. गावातही तो पुष्कळांनी विचारला. कुणी चेष्टेने विचारला, कुणी काळजीने. त्याचे उत्तर माझ्या घरात, एका खाटेपाशी आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणेही हळूहळू परतले. पण उजवा हात आणि उजवा पाय पूर्ववत झाले नाहीत. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. घरात आम्ही दोघेच. सकाळी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा खाटेवर, असे दिवसातून सात-आठ वेळा तिला उचलावे लागे. पहिल्या दोन महिन्यांतच एका सकाळी तिला उभे करताना माझे गुडघे लटपटले आणि आम्ही दोघेही खाली आलो. सुदैवाने हाड मोडले नाही. पण जमिनीवर बसल्या बसल्या आम्ही एकमेकांकडे पाहिले, तेव्हा दोघांच्याही मनात एकच विचार होता : आता मी पडलो, तर पुढे काय?

तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी मला हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितले. तिसऱ्या वेळी मी मांडीवर हात टेकले. ते म्हणाले, "काका, काकूंच्या पायांचा व्यायाम तुम्ही रोज करून घेता. तुमच्या पायांचा कोण करून घेणार?" त्यांनी समजावून सांगितले, की वय वाढते तशी स्नायूंची ताकद घटते आणि ही घट मांड्यांत फार लवकर जाणवते. पण ती थोपवता येते, काही अंशी परतही मिळवता येते. उचलण्याची रीतही त्यांनी शिकवली : कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचे, रुग्णाला अंगाजवळ घ्यायचे, तिच्या दुबळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार द्यायचा, खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला ठेवायची आणि चाके आधी अडकवायची. आपल्यापैकी जे घरी कुणाची शुश्रूषा करतात, त्यांनी ही रीत प्रत्यक्ष शिकून घ्यावी. पण रीत कितीही बरोबर असली, तरी उचलणाऱ्याच्या पायांत बळ हवेच.

म्हणून मी चालू लागलो, तेही आमच्या जळगाव रस्त्यावर. या रस्त्याविषयी थोडे सांगायला हवे. असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० साली येथल्या महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी गेल्या. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने जात्यावर, चुलीपाशी, शेतात रचलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांचे माहेर आणि सासर यांच्यामधले हे अंतर. त्या काळच्या बायका असली अंतरे कडेवर मूल आणि डोक्यावर ओझे घेऊन कापत. त्यांना तो व्यायाम वाटला नाही; ते काम होते. आमच्या पिढीने मोटारसायकल घेतली आणि ते काम संपवले. त्याची जागा कशाने भरायची, याचा विचार मात्र आम्ही केला नाही.

पहिल्या दिवशी मी गावाबाहेरच्या पहिल्या केळीच्या मळ्यापर्यंत जाऊन आलो आणि धापा टाकत ओट्यावर बसलो. शेजारच्या वहिनी पहाटे पाऊण तास पत्नीजवळ बसायला तयार झाल्या, म्हणून हे चालणे टिकले. तीन महिन्यांनी अर्धा तास चालता येऊ लागले. मग दोन विजेच्या खांबांमधले अंतर हळू धावायचे, पुढची चार खांबांची वाट चालायची, असा क्रम सुरू केला. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा माझा नियम होता. वाक्य तुटले, की पाय आवरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरच्या व्यक्तींनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवतात. प्रकृती तेवढे झेपवत नसेल, तर जेवढे जमेल तेवढे करावे, असेही त्यांत म्हटले आहे. हे सगळे मी नंतर वाचले. आधी माझ्यापुढे फक्त विजेचे खांब होते.

त्या वर्षी हिवाळ्यात जळगावात 'खान्देश रन' झाली. जळगाव रनर्स ग्रुपची मंडळी ही धाव आयोजित करतात. त्यातल्या सर्वांत लहान अंतराच्या गटात मी उतरलो आणि निम्मे अंतर चाललो. घरी आल्यावर पत्नीने डाव्या हाताने एका वहीत तारीख आणि अंतर लिहिले. उजवा हात गेल्यापासून तिने पेन्सिल हातात धरली नव्हती. अक्षर वेडेवाकडे आले, पण तिने वही मिटली नाही. त्या संध्याकाळी आमच्यात एक ठराव झाला : सत्तरीपर्यंत दरवर्षी एक धाव आणि ती आदल्या वर्षीपेक्षा थोडी अवघड. मी धावायचे, तिने डाव्या हाताने लिहायचे.

पुढच्या वर्षी पाच किलोमीटर झाले. मग २०२० आले आणि रस्ते बंद झाले. त्या काळात मी धाब्यावर, आपल्याच घराच्या छतावर, येरझारा घालत असे आणि ती खाली बसून फेऱ्या मोजत असे. नंतर दहा किलोमीटर झाले, मग मेहरूण तलावाच्या बाजूने सराव करून सपाटीवरची अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते; तिच्या वाटेला मी गेलो नाही आणि जाणारही नाही. त्यानंतर मुलाने सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे नाव काढले. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्यात होणारी ही धाव शहरातून निघून यवतेश्वर घाट चढते, कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. अर्धे अंतर चढ, अर्धे उतार.

सपाट गावात चढाचा सराव कसा करायचा? आमच्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस कठड्याला हात ठेवून वीस वेळा चढ-उतार करू लागलो. रोज दात घासताना एका पायावर उभे राहायचे, दुसरा हात दाराच्या चौकटीला. महिन्यातून एकदा कुणी सोबती मिळाला, तर सातपुड्यात जायचे. कधी यावल तालुक्यातल्या मनुदेवीच्या वाटेने, कधी रावेर तालुक्यातल्या पालच्या घाटरस्त्याने.

पालच्या पहिल्या खेपेने मला चांगलाच धडा दिला. चढ मी सावकाश चढलो. उतारावर मात्र पाय आपोआप पळू लागले, दम लागत नव्हता, म्हणून मीही त्यांना पळू दिले. त्या दिवशी काहीच दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नीला उचलायला वाकलो, तर उठताच येईना. शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात आणि त्याचे दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते. शेजारचा मुलगा गेल्यावर पत्नीने वही मागितली. पालच्या नोंदीपुढे एक उभी रेघ ओढून तिने नवा रकाना केला आणि त्यात फुली मारली. म्हणाली, "अहो, किती किलोमीटर झाले ते लिहीनच. पण तिसऱ्या दिवशी मला उठवता आले की नाही, तेही लिहायला हवे." त्या दिवसापासून आमच्या वहीत दोन रकाने आहेत. माझे धावणे कोणत्या रकान्यासाठी आहे, हे मला त्या फुलीने सांगितले.

साताऱ्याला जाण्याआधी दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली, माझी तपासणी. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख आणि चालत्या पट्ट्यावरची हृदयाची चाचणी झाल्यावरच डॉक्टरांनी होकार दिला. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. काही गोळ्यांमुळे श्रम केले तरी नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, असे त्यांनी बजावले. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना याहून अधिक जपावे लागते, कारण श्रमाने आणि घामाने पाणी, क्षार आणि साखर यांचे गणित बदलते. नुसते पाणीच खूप पिणेही बरे नाही. रक्तातला सोडियम उतरू शकतो. तहानेप्रमाणे घोट घोट घ्यायचे, सोबत क्षार-साखरेचे पाणी ठेवायचे. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला, तर तिथेच थांबायचे आणि मदत मागायची. स्पर्धेतली ओळख, गावाची अपेक्षा, काढलेले तिकीट, यांतले काहीही त्या वेळी मोजायचे नाही.

दुसरी गोष्ट अवघड होती : चार दिवस तिच्याजवळ कोण? एका नातेवाइकाने तोंडावर म्हटले, "घरात आजारी माणूस आणि तुम्ही पळायला निघालात?" तो शब्द मला लागला. रात्री मी पत्नीला म्हणालो, जाणे रद्द करतो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही नसताना मला उठवणारे कुणीच नाही, याची मला जास्त भीती वाटते. मुलाला बोलवा. त्याला शिकवा." सात वर्षांत मुलगा अनेकदा आला होता, पण आईला उचलायचे काम मी त्याच्या हाती कधी दिलेच नव्हते. तो आणि सूनबाई दोन दिवस आधी आले. मी बाजूला उभा राहिलो आणि त्याला पाय कसे रोवायचे, गुडघा कुठे लावायचा, ते सांगितले. पहिल्या खेपेला तो घाबरला, तिसऱ्या खेपेला जमले. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मला हे आवर्जून सांगायचे आहे : सगळे काम एकट्याने करणे ही माया खरी, पण त्यात धोकाही आहे. आपल्यानंतर ते काम करू शकेल असा दुसरा माणूस घरात किंवा शेजारी तयार असला पाहिजे.

शुक्रवारी जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. हीच गाडी पुढे पुण्यावरून साताऱ्याला जाते. रविवारी पहाटे साताऱ्यात बारीक पाऊस होता. आमच्याकडच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाला तो ओला गारवा परका वाटला. हजारो माणसांत माझ्यासारखी पांढऱ्या केसांची डोकीही बरीच दिसली. राजवाड्याच्या बाजूने, समर्थ मंदिरावरून रस्ता घाटाला लागला. दुतर्फा सातारकर उभे होते. कुणी टाळ्या वाजवत होते, कुणी ढोल. एक आजी दारातल्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत होत्या.

घाट सुरू झाला, तसे माझे वाक्य तुटू लागले. मी चालू लागलो. शंभर पावले धाव, शंभर पावले चाल. वळणावर मागे पाहिले, तर ढगांच्या फटीतून अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याचे शहर दिसले. कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरत होत्या. रस्त्याच्या कडेला ओल्या गवतात बारीक फुले होती. याच रस्त्याने पुढे कासचे पठार आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. धाव तिथवर जात नाही, पण त्या पठाराची हवा मात्र वाटेतच भेटते. यवतेश्वर ओलांडल्यावर धुके इतके दाटले, की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. शेताच्या बांधापलीकडचे सगळे दिसणाऱ्या मुलखातला मी. दहा पावलांपलीकडे काहीच दिसत नाही, हा अनुभव मला नवा होता. दिसत नसल्यामुळे चढ किती उरला याची काळजीही उरली नाही. पाऊल टाकायचे एवढेच काम होते.

परतीच्या वळणाला पोहोचलो तेव्हा मला खरोखर उत्साह वाटत होता. दम शांत होता, पाय हलके होते आणि समोर दहा किलोमीटरचा बहुतांशी उतार होता. बाजूने तरुण मुले पाण्यासारखी खाली वाहत होती. एक जण ओरडला, "काका, चला, आता सोपे आहे!" मनाने उडी घेतली. मग पालची फुली आठवली. आज रविवार, तिसरा दिवस म्हणजे मंगळवार. मुलगा आणि सूनबाई सोमवारी रात्री पुण्याला परतणार होते. मंगळवारी सकाळी खाटेपाशी मी एकटाच असणार होतो.

मी चालत उतरलो. घाटातला सगळा तीव्र उतार, आखूड पावले टाकत, रस्त्याच्या कडेने. शेकडो माणसे मला ओलांडून गेली. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. एका वळणावर फारच वाटले. शहरात सपाटी लागल्यावर मात्र पुन्हा हळूहळू धावू लागलो. त्या आजी अजून दारात होत्या. शेवटच्या रेषेवर गळ्यात पदक पडले तेव्हा माझ्यामागे फारसे कुणी उरले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांना फौजा सिंग यांचे नाव ठाऊक असेल. पत्नी आणि मुलगा गेल्याच्या दुःखातून ते धावण्याकडे वळले, ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावले आणि २०११ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांनी टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन पार केली. जन्मदाखला नसल्याने गिनीजने तो विक्रम नोंदवला नाही. मला त्यांच्याबद्दल त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धा थांबवल्या, पण चालणे थांबवले नाही. २०२५ मध्ये, ११४ व्या वर्षी, गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. तोवर ते पायांवर होते. कुठे थांबायचे आणि काय चालू ठेवायचे, हे त्यांना कळले होते. आपण सर्वांनी घाट चढावा असे मी मुळीच म्हणणार नाही. कुणाचे आव्हान अंगणातल्या दहा फेऱ्यांचे असेल, कुणाचे हात न टेकता खुर्चीवरून उठण्याचे. ते वर्षभर टिकावे, पुढच्या वर्षी थोडे वाढावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातल्या कामाला आपल्याला उभे ठेवणारे असावे, एवढे पुरे.

मंगळवारी सकाळी पावणेसातला मी खुर्ची तिच्या डाव्या बाजूला लावली, चाके अडकवली, पाय रोवले आणि गुडघ्यांतून वाकलो. मांड्या थोड्या कुरकुरल्या, पण आम्ही दोघेही उभे राहिलो. चहा झाल्यावर तिने वही घेतली. पहिल्या रकान्यात तिने लिहिले : सातारा, २१. दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली. तिचे डाव्या हाताचे अक्षर आता माझ्यापेक्षा बरे आहे.

सत्तरीला अजून तीन वर्षे आहेत. पुढचे कोणते आव्हान, ते अजून ठरलेले नाही. कदाचित पुन्हा जळगावची सपाट धावच, तिला चाकाच्या खुर्चीतून बघायला नेता येईल अशी. हिवाळा तोंडावर आला आहे. असोद्याच्या शेतांत वांगी तयार होतील आणि कपाशीच्या काड्यांवर भाजल्या वांग्यांचा वास संध्याकाळी रस्त्यावर येईल. त्या दिवसांत इकडे आलात, तर कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खायला अवश्य या. मात्र आदल्या रात्री मुक्कामाला या. पहाटे केळीच्या मळ्यापर्यंत आपण दोघे चालत जाऊन येऊ.